उचलली खरी, धरायचं कोणी?

श्री. रा. रा. साडूभाऊ यांसी,

सा. न. वि. वि.

परवा रात्री तुमचा निरोप आला. 'शनिवारी ट्रेलर घेऊन डुलुथला येतोय. तुमची नवी लिफ्ट दोन दिवस हवी आहे, माझी स्लेड वर घ्यायचीय.' शेवटी एक हसरा चेहरा. निरोप मी तीनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा न लावता, दुसऱ्यांदा चष्मा लावून, तिसऱ्यांदा खुर्चीत बसून. आमची ही म्हणाली, "द्या की, घरचेच आहेत." म्हटलं, देतो. लिफ्टच्या आधी पत्र देतो, आणि तेही चारचौघांत. कारण गेल्या संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात तुम्ही चारचौघांतच सांगितलं होतंत, की तुम्ही बनवलेली ती पहिली लिफ्ट 'वापरणाऱ्याच्या चुकीमुळे' पडली. तेव्हा हातावर तुम्हीच ठेवलेला तिळगूळ होता, म्हणून गोड बोललो. तो तिळगूळ आता संपलाय.

पत्र खुलं आहे, तेव्हा ज्यांनी बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्नोमोबिल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा पण रबरी आणि एकच पट्टा, मधे इंजिन आणि वर मोटरसायकलसारखी बैठक. इथले लोक तिला स्लेड म्हणतात. आमच्या मिनेसोटातल्या डुलुथपासून सुपीरियर तळ्याच्या कडेकडेने रानातून एक वाट ग्रँड मराईपर्यंत जाते, जवळजवळ दीडशे मैल. त्या वाटेवर स्लेड वाऱ्यासारखी पळते. गॅरेजच्या फरशीवर मात्र ती बसलेली म्हैस. माझी जुनी टू-स्ट्रोक आहे, सव्वादोनशे किलोच्या घरातली. आणि तिचं जे काही झिजतं ते पोटाखाली.

पट्ट्याच्या आत दोन रूळ असतात. रुळांच्या तळाला प्लॅस्टिकची घसरपट्टी, तिला हायफॅक्स म्हणतात. पट्ट्याच्या लोखंडी क्लिपा दिवसभर त्या प्लॅस्टिकवरून घासत जातात. तिथे ग्रीस नसतं, तेल नसतं. वंगण म्हणजे बर्फच. भुसभुशीत बर्फ आत उडत राहिला, की तोच गार ठेवतो आणि तोच घसरवतो. बर्फ नसलेल्या रस्त्यावरून किंवा तळ्याच्या कोऱ्या गोठलेल्या काचेवरून गाडी दामटली, की घसरपट्टी वितळून क्लिपांना चिकटते. माझी वितळली होती. कोणी दामटली हा या पत्राचा विषय नाही. त्या रविवारी किल्ली तुमच्याकडे होती, एवढी नोंद मात्र असावी.

घसरपट्टी बदलायची, आतल्या छोट्या चाकांची बेअरिंगं पाहायची, पट्ट्याच्या मध्यावर साडेचार-पाच किलोंचं वजन टांगून तो किती झोळतो ते मोजायचं. मागचं धूड हवेत असल्याशिवाय यातलं काही जमत नाही. स्लेड कुशीवर आडवी पाडून काम करणारेही आहेत. मग टाकीतलं पेट्रोल आणि चेनकेसमधलं तेल जिथे जाऊ नये तिथे जातं आणि मूळ दुखण्याला दोन नवी दुखणी जोडली जातात. म्हणून लिफ्ट. बाजारात तयार मिळते. मी घेणारच होतो. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "विकत घेणार? कोल्हापूरचे असून?" मी तिथेच चीत झालो.

खंडेनवमीला तुम्ही स्वतः बनवलेली लिफ्ट घेऊन आलात. मुहूर्त काढण्यात तुमचा हात धरणारा मिनेसोटात कोणी नाही. ट्रेलरवर पोपटी रंगाची ती कात्रीसारखी लिफ्ट उभी, तिला हळदकुंकू, आणि इथला झेंडू कधीच थंडीने काळा पडलेला असल्यामुळे प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ. ट्रेलरच्या फळीवर उभं राहून तुम्ही जे भाषण केलंत ते आमच्या शेजाऱ्यांनी, एक अक्षर न कळता, टाळ्या वाजवून ऐकलं.

भाषणात आधी क्वेबेक आलं. व्हॅलकूर गावचा जोसेफ-आर्मान्ड बॉम्बार्डिए, पंधरा वर्षांचा पोरगा. १९२२ साली त्याने जुन्या फोर्डचं इंजिन बर्फावरच्या घसरगाडीला जोडलं, मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला आणि ती गावातून फिरवली. पुढे १९५९ मध्ये त्यानेच स्की-डू ही स्नोमोबिल बाजारात आणली. "तो कुठल्या कॉलेजात गेला होता?" असं तुम्ही विचारलंत. प्रश्न बिनतोड आहे. पण साडूभाऊ, गोष्ट तुम्ही सोयीच्या ठिकाणी थांबवलीत. ती गाडी घरी आल्यावर वडिलांनी पोराला ती मोडायला लावली. उघड्यावर फिरणारा पंखा पाहिल्यावर बापाने दुसरं काय करायचं? म्हणजे आधी मोडली, मग तो मोठा झाला. तुमच्या बाबतीत मोडायला कोणी सांगितलं नाही, ते काम लिफ्टनेच स्वतः उरकलं.

आणि पुढचंही तुम्ही गाळलंत. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा गेला, कारण बर्फात बुडालेल्या रस्त्यावरून त्याला दवाखान्यात नेता आलं नाही. रबरी पट्टा आणि त्याला ओढणारं दातेरी चाक यांच्या जुळणीचं पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळालं. त्या एका जुळणीपायी माणसाने वर्षं घातली. तुमची लिफ्ट शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाली आणि रविवारी दुपारी तिला रंगाचा दुसरा हात बसला होता.

मग तुम्ही बाबुराव पेंटर काढलेत. कोल्हापूरच्या माणसासमोर बाबुराव पेंटर काढणं म्हणजे आखाड्यात डोळ्यांत माती टाकणं. "तुमच्याच गावात त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, आणि तुम्हाला चार पट्ट्यांच्या लिफ्टची भीती वाटते?" माझी छाती भरून आली आणि अक्कल रिकामी झाली, हे कबूल करतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तर सुचलं. उत्तरं मला नेहमी अंथरुणावरच सुचतात. कॅमेरा फसला असता तर फिल्म वाया गेली असती. कॅमेऱ्याच्या खाली गुडघे घालून कोणी बसत नाही.

आता तुमच्या कारागिरीकडे वळतो. खरं तर इथे मला हात आखडता घ्यायचा नाहीये.

कात्रीचे हात तुम्ही ताईंच्या जुन्या पलंगाच्या चौकटीतून काढलेत. 'फुकट लोखंड' हा तुमचा शब्द. अमेरिकेत पलंगाच्या चौकटीचा अँगल बरेचदा जुन्या रेल्वेरुळांच्या पोलादातून लाटतात. त्यात कार्बन जास्त, म्हणून कडक. झोपलेल्या माणसाला पेलण्यासाठी उत्तम. पण त्यावर वेल्डिंग मारलं की टाक्याशेजारचा भाग गार होताना काचेसारखा ठिसूळ होतो. साधं, मऊ लोखंड प्रामाणिक असतं. ते आधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला उठून जायला वेळ देतं. हे वाकत नाही, थेट तुटतं. आणि हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता असंही नाही. "चार ड्रिल मोडली, पण भोकं पाडलीच," हे तुम्ही स्वतः अभिमानाने सांगितलंत. लोखंड तुम्हाला चार वेळा सांगत होतं. तुम्ही पाचवं ड्रिल आणलंत.

तळाला गॅल्वनाइज्ड पाइप. त्यावरचा जस्ताचा मुलामा न घासता, दार बंद ठेवून, तुम्ही वेल्डिंग मारलंत. त्या रात्री ताईंचा फोन आला, "ह्यांना फ्लू झालाय, थंडी वाजून ताप भरलाय." तो फ्लू नव्हता, जस्ताच्या धुराचा ताप होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात याची पोराटोरांना माहिती असते. तिथे वेल्डिंगवाल्याला कोणी दूध पाजतं, कोणी गूळ देतं. जाणता मिस्त्री मात्र आधी मुलामा घासून काढतो आणि दार सताड उघडतो. तुम्ही ताईंकडून आल्याचा काढा घेतलात आणि दुसऱ्या दिवशी उरलेला पाइप जोडलात. जिद्द म्हणतात ती हीच.

बोल्ट. अमेरिकेत बोल्टच्या डोक्यावर रेघा असतात. तीन असतील तर ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८, म्हणजे आणखी ताकदीचा. तुम्ही लावलेल्या बोल्टांची डोकी, क्षमा करा, कोरी होती.

आणि आता ते गणित. दोन टनी हायड्रॉलिक जॅकवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "स्लेड आणि फळी मिळून अडीचशे किलो. जॅक दोन हजारांचा. आठपट!" दोन्ही हातांची मिळून आठ बोटं दाखवलीत. शेजाऱ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

कात्रीच्या लिफ्टचं गणित बोटांवर मावत नाही, साडूभाऊ. जॅक तुम्ही आडवा बसवलात. तो खालचे पाय एकमेकांच्या जवळ ढकलतो आणि पाय जवळ आले की माथा वर जातो. आडव्या ढकलण्यातून उभं वजन उचलायचं, म्हणजे हात किती कललेले आहेत त्यावर सगळा खेळ. हात जमिनीशी ४५ अंशांत उभे असतील तर जितकं वजन तितकाच जोर लागतो. २० अंशांवर आले की पावणेतीनपट. आणि लिफ्ट जमिनीलगत, १० अंशांवर असेल, तर साडेपाचपटीहून जास्त. म्हणजे तुमच्या अडीचशे किलोंसाठी सुरुवातीलाच जॅकवर, त्याच्या आधाराच्या वेल्डवर आणि त्या कोऱ्या डोक्यांवर चौदाशे किलोंचा जोर. आठ बोटांपैकी उरलं दीड बोटसुद्धा नाही. पान्याच्या एका टोकाला धरलं तर बोल्ट सुटतो आणि मधे धरलं तर सुटत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवीन काही नाही. पण पानासुद्धा ताईंच्या हातात देऊन तुम्ही स्वतः टॉर्च धरलेला मी पाहिलाय.

नोव्हेंबरअखेरची ती संध्याकाळ. बाहेर उणे बारा, गॅरेजमध्ये त्याहून थोडं बरं. मी स्लेड लिफ्टवर चढवली, जॅक मारला, हात साधारण ४५ अंशांवर आले, पट्टा हवेत लोंबला. वाटलं, माणूस बोलतो जास्त, पण काम करतो. आईने कोल्हापूरहून आणलेला सागवानी पाट गॅरेजमध्ये बसायला ठेवलाय, तो सरकवून मी पट्ट्याच्या बाजूला, गुडघे थेट फळीखाली घालून बसलो. ही माझी चूक. तिचा हिशेब पुढे येईल.

आतल्या चाकाचं पहिलं बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं. वाळू चावल्यासारखा आवाज. तो ऐकण्यात मी इतका गुंग होतो, की दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला. आधी पट्टा माझ्या नाकाच्या पातळीला होता. आता हनुवटीच्या पातळीला होता. मला वाटलं मीच पाटावर सरसावून बसलो असेन.

लिफ्ट पडत नव्हती. बसत होती. जॅकच्या आत तेल असतं आणि ते अडवून धरायला एक रबरी सील. थंडीत रबर आखडतं आणि एखादा कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला की तेल केसाएवढ्या फटीतून मागे सरकतं. उभा जॅक असता तर भार तोच राहिला असता आणि तो एकाच चालीने खाली आला असता. पण तुमच्या रचनेत एक खास गंमत आहे. लिफ्ट जितकी खाली येते तितके हात आडवे होतात, जितके हात आडवे तितका जॅकवरचा जोर वाढतो आणि जितका जोर वाढतो तितकं तेल लवकर गळतं. म्हणजे उताराला लागलेली बैलगाडी, आणि खुटी घालणारा कोणी नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी तुमचा फोन आला. माझ्या गॅरेजच्या भिंती पत्र्याच्या, आत रेंज येत नाही, तुटक आवाज आला. मी पाटावरून उठलो, बाजूच्या दारातून बाहेर बर्फात जाऊन उभा राहिलो.

"कशी आहे आपली लिफ्ट?" तुम्ही विचारलंत. तेव्हा ती 'आपली' होती.

"उभी आहे."

"अहो, आता पाच वर्षं हलायची नाही ती. शब्द देतो."

मागून आवाज झाला. आधी फटाका फुटल्यासारखा एकच, कोरडा. तो पलंगाचा अँगल. मग सव्वादोनशे किलोंचा.

"काय पडलं हो?" तुम्ही विचारलंत.

"तुमचा शब्द," मी म्हणालो.

आत जाऊन पाहिलं. जॅकच्या आधारापाशी अँगल टाक्याला लागून सरळ रेषेत तुटला होता, जणू कोणी काच कापावी. स्लेड एका कुशीवर, पुढची काच फुटलेली, एक स्की भिंतीत. पाटाचे दोन तुकडे. सागवान, पन्नास वर्षांचं. ज्या जागी त्याची भेग गेली होती तिथे दोन मिनिटांपूर्वी काय होतं हे मी मोजून पाहिलं नाही. तेव्हा एक गोष्ट लेखी मान्य करतो, कारण हिशेब चोख असावा. कौतुक ऐकण्याची तुम्हाला जी भूक आहे, तिने माझे गुडघे वाचवले. ती भूक अशीच राहो. फक्त इथून पुढे फोन आधी करत जा, लिफ्ट नंतर आणा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पंचनाम्याला आलात. अडीच तास गाडी चालवून आलात, हे विसरत नाही. आधी म्हणालात, थंडी. मग गॅरेजच्या फरशीवर लेव्हल ठेवून म्हणालात, फरशीला उतार आहे. आहेच, पाणी जायला सगळ्याच गॅरेजना असतो. आणि शेवटी, दोन्ही हात कमरेवर ठेवून, जे वाक्य बोललात ते मी त्याच रात्री भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. अजून आहे.

'लिफ्ट उचलायला असते. किती वेळ धरायची ते आधी सांगायला नको का?'

मी काही बोललो नाही. खाली वाकून तुमचा पोपटी जॅक उचलला. पडताना त्याच्यावरचा रंग एका ठिकाणी खरवडून निघाला होता आणि खालून पिवळ्या कागदाचा कोपरा दिसत होता. नखाने आणखी खरवडलं. कंपनीने चिकटवलेली सूचना. हे उपकरण फक्त उचलण्यासाठी आहे, भार उचलताच त्याखाली स्टँड द्या. तुम्ही तिच्यावर रंगाचे दोन हात मारले होते. जगात सूचना न वाचणारे पुष्कळ असतात. सूचना रंगवून काढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांतही जॅकबद्दल हेच सांगितलंय: भार वर गेला की तत्काळ त्याला ठोकळा, टेकू द्यायचा. तो नियम कामाच्या जागेसाठी आहे, घरच्या गॅरेजला लागू नाही. घरच्या गुडघ्यांना लागू आहे. आणि नियम तरी कशाला? मी अकरावीच्या सुट्टीत कोल्हापुरात एका गॅरेजवर जायचो. तिथल्या मिस्त्रींना लिहिता-वाचता बेताचंच यायचं. गाडी जॅकवर गेली आणि ठोकळा सरकवण्याआधी पोराचा हात आत दिसला, की ते पाना फेकून मारायचे. वीट ठेवलेली दिसली तरी पाना. "वीट फुटते, लाकूड दबतं," एवढंच स्पष्टीकरण. त्या पान्याचे दोन वळ माझ्या पाठीवर अजून असावेत. आणि तरी मी त्या दिवशी फळीखाली गुडघे घालून बसलो. मघाशी चुकीच्या हिशेबाचं बोललो, तो हा. तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं, आणि तरी मी तुमच्या पोपटी रंगाला भुललो. मंडळात तुम्ही म्हणालात ते 'वापरणाऱ्याची चूक' या अर्थाने निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं घेऊन जायला तुम्ही ट्रेलर आणताच आहात.

मिनेसोटात राहतो म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, पुढच्या भाषणात वापरा. आपल्याच राज्यात कॅनडाच्या सीमेजवळ रोझो नावाचं गाव आहे. तिथल्या एका कारखान्यात १९५५-५६ च्या हिवाळ्यात शेतीच्या यंत्रांच्या कामातून सवड काढून लोकांनी बर्फावर चालणारी एक गाडी ठोकून ठाकून तयार केली आणि कामगारांचे पगार भागवायला ती लगेच ४६५ डॉलरना विकली. ती पोलारिस कंपनीची पहिली स्नोमोबिल. पण ज्या कारखान्यातून पोलारिस जन्मली त्याचं मूळ नाव काय होतं, माहीत आहे? हेटीन होइस्ट अँड डेरिक. होइस्ट म्हणजे वर उचलायचं यंत्र, डेरिक म्हणजे क्रेन. त्या लोकांचा मूळ धंदा उचलण्याचा होता, स्लेड नंतर आली. तुमचा क्रम उलटा आहे. तुम्ही आधी स्लेड घेतलीत, मग उचलायला निघालात.

बरं, आता नव्या लिफ्टबद्दल, म्हणजे शनिवारी तुम्ही कशाला हात लावणार आहात ते कळेल.

पलंग एकही मोडलेला नाही. दोन इंची चौकोनी नळी, जाड भिंतीची, दुकानातून पावती घेऊन आणलेली. बोल्टांवर सहा रेघा. वेल्डिंग मी मारलं नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या वेल्डरला पैसे दिले आणि त्याने माझ्या जोडणीकडे पाहून जे तोंड केलं ते मुकाट्याने सोसलं. त्याने दोन कोपरे पुन्हा कापायला लावले. पाया रुंद केलाय, स्लेड एका बाजूला कलली तरी लिफ्ट कलणार नाही. दोन्ही स्कींना पट्टे. जमिनीलगतचे १० अंश नकोत म्हणून लिफ्ट मुळात तितकी खाली बसतच नाही. त्याऐवजी एक उतरती फळी केलीय, तिच्यावरून स्लेड वर ढकलायची. थोडा घाम येतो. तुमच्या वयात तो चांगला.

पण मुख्य गोष्ट खाली आहे. पायाच्या दोन्ही बाजूंना खाचांच्या पट्ट्या बसवल्यात, करवतीच्या दातांसारख्या, वर जाताना टकटक आवाज करत हात एकेका दातावरून सरकतात. हव्या उंचीला आल्यावर जॅक सैल करायचा. हो, सैल करायचा. लिफ्ट बोटभर खाली येते, हात खाचेत बसतो आणि मग वरून एक जाड पिन आडवी जाते. त्यानंतर जॅकला काही काम नाही. तो काढून शेल्फवर ठेवला तरी चालतं, मी ठेवतोच. तेल गळो, सील आखडो, उणे चाळीस होवो, स्लेड लोखंडावर उभी असते.

आणि तपासणी. पाणी मऊ करायच्या मिठाच्या ४० पौंडी पिशव्या २८ आणल्या, म्हणजे पाचशे किलोंहून थोड्या जास्त, स्लेड आणि फळीच्या दुप्पट. त्या लिफ्टवर रचून खांबावर खडूची रेघ मारली आणि रात्रभर गॅरेजला कुलूप लावून ठेवलं. आमची ही रात्री दोनदा विचारत होती, "एवढं मीठ कशाला आणलंय?" सांगितलं, साडूंच्या जखमेवर चोळायला. सकाळी रेघ जागच्या जागी. मीठ अजून तळघरात आहे, वर्षभर पाणी मऊ येतंय.

तर शनिवारी या, अवश्य या, ताईंना घेऊन या. लिफ्ट ट्रेलरवर चढवायला मीच मदत करेन, कारण बांधायच्या दोऱ्या तुम्ही कशा बांधता हे पाहिलेलं आहे. अटी फारशा नाहीत. एक भोक पाडायचं नाही. एक टाका वाढवायचा नाही. रंग तर अजिबात नाही. तिच्या पायावर मी स्वतः मोठ्या अक्षरांत सूचना लिहिलीय आणि मला ती परत आल्यावर वाचता आली पाहिजे. पिन साखळीने बांधलेली आहे, ती 'उगाच मधे येते' म्हणून काढू नका. आणि स्लेड वर गेली, जॅक सैल झाला, पिन बसली, की मला फोन करा. मी विचारीन, "कशी आहे आपली लिफ्ट?" तुम्ही कुठे उभे राहून फोन केलात ते मला आवाजावरून कळेल.

ताईंना नमस्कार. त्यांना नवा पलंग मिळाला का?

आपला,
धाकटा साडू

ता. क. तुमचा पोपटी जॅक मी टाकून दिलेला नाही. गॅरेजचं बाजूचं दार वाऱ्याने सारखं आपटायचं, त्याला टेकू म्हणून लावून ठेवलाय. वर्ष होत आलं, दार तसूभरही हललेलं नाही.